पाहुणे बसेपर्यंत

लखनौच्या ज्या शाळेत मी शिकवत होते तिथे एक पद्धत होती. वर्गात मोठं माणूस आलं की मुलं उभी राहायची, आणि ते माणूस खुर्चीत बसल्याशिवाय एकही मूल खाली टेकायचं नाही. नुसतं ‘बैठो’ म्हणून भागत नसे, स्वतः बसावं लागे. आम्ही शिक्षिका तासाच्या सुरुवातीला क्षणभर खुर्चीत बसल्यासारखं करायचो, पोरं धडाधड बसायची, मग आम्ही उठून फळ्याकडे वळायचो. एकदा बसून दाखवलं की त्या तासापुरतं काम झालं. ही सवलत फक्त शिक्षकांना होती, पाहुण्यांना नव्हती. सुरुवातीला मला हा प्रकार भलताच नाटकी वाटला. मग अंगवळणी पडला, आणि पुढे पुढे तर आपण असं काही करतो हेच मी विसरून गेले. पुढचं सगळं त्या विसरण्यामुळे घडलं, म्हणून आधीच सांगून टाकते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नवरा बँकेत अधिकारी, त्यामुळे आमचं बिऱ्हाड कायम पाठीवर. त्याला तोंडावर मी ‘अहो’ म्हणत असे आणि मनात ‘अरे’. मनातल्या मनात त्याच्याशी मी जेवढी भांडले आहे तेवढं उघड भांडले असते तर माझं आयुष्य निराळं झालं असतं. नांदेडला मी एका शाळेत लागले, सहामाही परीक्षेचे पेपर तपासून होतात न होतात तोच बदली आली. भोपाळला वर्षभर खेटे घालून नोकरी मिळवली, मुलांची नावं पाठ झाली आणि बदली आली. प्रत्येक वेळी निरोपाला एक शाल नाहीतर स्टीलचा डबा मिळायचा. आमच्या घरात डबे पुष्कळ होते.

लखनौला इंदिरा नगरात आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली घरमालक. पहिलं वर्ष मी त्या दोन खोल्यांत काढलं. नवरा आणि मुलगी गेली की दार लावायचं, आणि ते संध्याकाळी उघडायचं. मे महिन्यात लू सुटली की दुपारी खिडकीसुद्धा उघडता येत नसे. वीज गेली की कूलर बंद, आणि मग भिजवलेला टॉवेल मानेवर टाकून भिंतीकडे बघत बसायचं. कुणी आलंच तर ‘भाभीजी’ म्हणणारं. मला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. हे मी अलंकारिक बोलत नाही. एकदा भाजीवाल्याला हाक मारायला गेले तर घशातून नीट आवाजच फुटेना.

म्हणून ती शाळा मिळाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. दुमजली घराचीच शाळा केलेली. खोल्या लहान, मुलं भरपूर. मला चौथीचा वर्ग दिला. नोकरी कच्ची होती, पण दसऱ्यानंतर पक्की करू असं मुख्याध्यापिकेने तोंड भरून सांगितलं होतं. इतक्या वर्षांत ‘पक्की’ हा शब्द माझ्या वाट्याला पहिल्यांदा येत होता.

आणि नेमकी तेव्हाच सांगलीची जागा निघाली. नवरा आनंदाने सांगत आला, “माझं नाव सुचवलंय. घरची माणसं, घरचं पाणी! पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचंय. तुझं काय म्हणणं?” आणि मी तोंड उघडायच्या आत तो बूट काढत पुढचं बोलू लागला. मी म्हणाले, “बघू.” आता आमच्या घरात बाईने ‘बघू’ म्हटलं तर तिला ते नकोय, हे शेजाऱ्यांच्या मांजरालाही कळावं. त्याला कळलं नाही. माझ्या नोकरीला तो ‘खुर्चीतली नोकरी’ म्हणायचा. “तुमचं बरंय बाई, खुर्चीत बसायचं, पोरांकडून पाढे म्हणून घ्यायचे आणि सुट्ट्यांची वाट बघायची.” तो हे चेष्टेने म्हणायचा आणि मीही हसायचे. पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शाळेत त्याच सुमारास दर शनिवारी एक पाहुणा बोलवायला सुरुवात झाली होती. मोहल्ल्यातले लोक म्हणायचे की मास्तरणींना काय काम असतं, अर्ध्या दिवसात घरी. मुख्याध्यापिकेच्या हे डोक्यात गेलं. अंगाने भरलेली, नेहमी फिक्या रंगाच्या, चिकनच्या भरतकामाच्या साडीत, आवाज कधीही न चढवणारी बाई. तिने ठरवलं की ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांनी एक तास येऊन शिकवून दाखवावं. कोपऱ्यावरचा मिठाईवाला आला, त्याने दहा मिनिटांत जिलबी कशी करतात ते सांगितलं आणि उरलेला वेळ घाम पुसला. एक निवृत्त फौजदार आले आणि दोनदा पाणी मागून गेले. वर्गाच्या बाईने तेवढा वेळ शेवटच्या बाकावर बसायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही, असा नियम होता.

“पीछे बैठिए और होंठ सी लीजिए,” मुख्याध्यापिका हसून म्हणायची. “आप बोलीं, तो मेहमान समझेगा हमें उस पर भरोसा नहीं.”

माझ्या वर्गाची पाळी आली तेव्हा तिनेच विचारलं, “आपके साहब को बुलाइए न. बैंक वाले हैं, बच्चों को कुछ नया बताएँगे.” मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, हीच संधी आहे. त्याने एकदा हा वर्ग बघावा, ही पोरं बघावीत, उभं राहून तासभर घसा कोरडा करावा, आणि मग आपणहून म्हणावं की सांगली राहू दे. मला ते मागावं लागू नये. त्याला ते दिसावं. दुसऱ्याला दिसावं म्हणून वाट बघत बसण्यात मी तोपर्यंत अर्धं आयुष्य घालवलं होतं, तरी अक्कल आली नव्हती.

तो आनंदाने तयार झाला. आठवडाभर मी त्याला पढवत होते. मोठ्याने बोला, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, उजवीकडच्या रांगेला विसरू नका. त्याने बँकेतून भारताचा मोठा नकाशा आणला. “मी त्यांना सांगणार, हा देश आपण कसा पाहिला,” तो म्हणाला. त्यात मला काही खटकलं नाही.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाक आणि डेस्क एकत्र जोडलेलं, लोखंडी चौकटीचं, नऊ वर्षांच्या मुलांच्या मापाचं. त्यात मी साडी सावरत कशीबशी शिरले. मागे भिंत, पुढे डेस्क, डाव्या हाताला खिडकीचे गज, आणि शेजारी तीन मुली दाटीवाटीने. बाहेर पडायचं तर अख्खी रांग उठवावी लागली असती.

तो दारातून आत आला. सगळी मुलं उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, “नमस्ते, सर!”

“नमस्ते, नमस्ते. बैठो,” तो म्हणाला.

“आप बैठिए, सर!” मुलं म्हणाली.

तेव्हा मला आठवलं. सगळं सांगितलं होतं आणि हेच तेवढं राहिलं होतं.

तो हसला. “नहीं नहीं, मैं ठीक हूँ,” म्हणाला आणि फळ्यावर नकाशा लावायला वळला. आता त्याचंही सांगायला हवं. तो शिकला जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि त्यांचे गुरुजी म्हणे दिवसभर उभे असत. बसणारा मास्तर म्हणजे कामचुकार, हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. त्यातून बायकोच्या खुर्चीवरून इतकी वर्षं टोमणे मारलेले. तो काही त्या खुर्चीत बसणार नव्हता. उलट ती कोपऱ्यात लोटल्याचा आवाज आला.

मुलं उभीच राहिली. त्याला वाटलं, नकाशा नीट दिसावा म्हणून उभी आहेत. त्याला हुरूप आला.

मला तो दिसत नव्हता. मला दिसत होत्या पाठी. निळे शर्ट, तेल लावलेली डोकी, वेण्यांच्या लाल फिती. मी हात खाली-वर करून खुणा केल्या, पण सगळ्यांची तोंडं पुढे. शेजारच्या तीन मुलीसुद्धा उभ्या होत्या आणि त्यांच्या कोपरांच्या मध्ये मी एकटी बसलेली. पाहुण्यांसमोर मागे वळून बघायचं नाही, हेही आम्हीच शिकवलेलं.

“यह देखिए, यह नांदेड,” त्याचा आवाज आला. “हम पहले यहाँ थे. यहाँ बड़ी नदी है.” मला नदी आठवली नाही. मला तिथला सहामाहीचा गठ्ठा आठवला, जो मी तपासून दुसऱ्या बाईच्या हातात दिला होता. “फिर हम यहाँ आए. भोपाल. यहाँ तालाब है.” नकाशावर त्याचं बोट सरकल्याचा आवाज येत होता. “बँक ने भेजा, हम चल पड़े. एक ट्रक सामान और हम तीन लोग.” मुलं ‘ओऽऽ’ म्हणाली. तो रंगात आला होता आणि खरं सांगते, चांगलं बोलत होता. आमचं सगळं आयुष्य तो पोरांना सहलीसारखं सांगत होता. त्याच्या दृष्टीने ती सहलच होती. मी त्या लोखंडी चौकटीत अडकून ते ऐकत होते आणि मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

पहिल्या बाकावर माझ्या वर्गातली एक मुलगी बसायची, जिच्या डाव्या पायाला पोलिओ झाला होता. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. प्रार्थनेला तिला आम्ही बसू देत असू, पण पाहुण्यांसाठी ती हट्टाने सगळ्यांबरोबर उभी राहायची. एरवी ते काही क्षणांचंच असायचं. आज निम्मा तास होत आला होता. मुलांच्या खांद्यांमधून मला तिची वेणी तेवढी दिसत होती. ती वेणी आधी सरळ होती. मग एका बाजूला कलली. मग डेस्कवर तळवा टेकल्याचा आवाज आला.

माझ्या बाजूच्या खिडकीतून मुख्याध्यापिका डोकावली. तिला वाटलं असणार, पाहुणे आत्ताच आलेत. तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, हसली आणि पुढे गेली.

तेवढ्यात एका मुलाने विचारलं, “सर, अब आप कहाँ जाएँगे?”

“अब?” तो म्हणाला. बोट पुन्हा सरकलं, खूप खाली. “अब यहाँ. सांगली. अब अपने घर.”

मग दुसरी एक मुलगी बारीक आवाजात म्हणाली, “मैम भी जाएँगी?”

तो थांबला. त्याने मला शोधलं असेल, पण त्या डोक्यांमधून त्याला मी दिसणार कशी? आणि मला बोलायची बंदी. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात इतकी कोंडी मी कधी अनुभवली नव्हती. माझ्याबद्दलचा प्रश्न, माझ्याच वर्गात, आणि उत्तर देणार तो.

“हाँ,” तो म्हणाला. “मैम भी.”

पुढच्या बाकावर लोखंड डेस्कला आपटलं. ती मुलगी वाकून दोन्ही हातांनी डेस्क धरून उभी होती.

“अहो, बसा!” मी ओरडले.

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघू लागला.

“नको गं,” पलीकडून त्याचा समजूतदार आवाज आला. “मी बरा आहे.”

“तुमच्यासाठी नाही सांगत! त्या खुर्चीत बसा आधी! तुम्ही बसल्याशिवाय ही पोरं बसणार नाहीत!”

मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि मग सगळा वर्ग एकदम खाली बसला. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं थांबलं. मला आता कुठे नवरा दिसला. खुर्चीत बसलेला, तोंडात मारल्यासारखा. पहिल्या बाकावरची मुलगी पाय लांब करून मांडी चोळत होती. तो तिच्याकडे बघत होता.

“सॉरी, बेटा,” म्हणत तो तिच्याकडे जायला उठला. वर्ग उभा राहिला. ती मुलगीही उठू लागली. तो घाईने बसला. वर्ग बसला. लखनौची मुलं, एकही हसलं नाही. मग घंटा होईपर्यंत तो त्या खुर्चीतून हलला नाही. नकाशा मागे राहिला, हात तिथवर पोचेना. तो नुसता बसून मुलांना त्यांची नावं विचारत राहिला आणि मुलं बसल्या बसल्या उत्तरं देत राहिली. शेवटी सगळ्यांनी त्याला टाळ्या वाजवल्या. बसूनच.

मुख्याध्यापिकेने चहा दिला. मी बोलले हे तिला कळलं होतं. “कोई बात नहीं,” ती म्हणाली, “ग़लती हमारी है, बताना चाहिए था.” तिच्या तोंडून राग कधी येतच नसे, त्यामुळे तो आहे की नाही हे कळायचंही नाही.

स्कूटरवर मुलगी पुढे उभी, मी मागे. माझा जीव टांगणीला लागला होता. त्याला दिसलं होतं, हे मला कळत होतं. आता तो म्हणेल, मला वाटत होतं.

घरी आल्यावर तो दिवाणावर बसला आणि पाय चोळू लागला. मुलगी ताट घेऊन वरण-भात खात होती. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला.

“बाप रे,” तो म्हणाला. “रोज? हे तू रोज करतेस?”

“रोज.”

“उभं राहायचं, ओरडायचं, एकेकाकडे बघायचं. मला कधी वाटलंच नाही गं.” त्याचा आवाज खरोखरच ओला होता. त्याने माझा हात धरला. “त्या मुलीकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं. तुझं मागून होतं. मी उगाच चेष्टा करायचो तुझी.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते घडत होतं.

“म्हणूनच मी ठरवलं,” तो म्हणाला. “सोमवारी हो कळवून टाकतो. सांगलीला तुला काही करायची गरज नाही. आराम कर. सुटलीस बघ तू यातून.”

त्याने हे प्रेमाने म्हटलं. तेच फार वाईट होतं. तो दुष्ट असता तर मी केव्हाच भांडले असते. त्याने माझं काम बघितलं, त्याला ते समजलं, आणि समजल्यावर त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं, जड पिशवी घ्यावी तसं. ‘सुटलीस’ म्हणाला. माझ्या डोळ्यांपुढे सांगलीच्या घराचं दार आलं, सकाळी लावायचं आणि संध्याकाळी उघडायचं.

“मला सांगलीला जायचं नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तो बघतच राहिला. “अगं, पण दमतेस किती!”

“दमते. मला दमायचंच आहे.”

“बरं, बस तर आधी. बसून बोलू.”

“तुम्ही बसा. मी उभी बरी आहे.”

मुलीने ताट खाली ठेवलं आणि ती उठून उभी राहिली. आमच्या भांडणात ती कधी पडत नसे. पण त्याच शाळेत जायची ना ती.

“तुला काय झालं?” त्याने विचारलं. “तू जेव.”

“मम्मी खड़ी हैं,” ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर हिंदीतच यायचं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळी वर्ग उभा होता तेव्हा त्याने बसून सगळ्यांना मोकळं केलं होतं. इथे तो बसलेलाच होता, आणि आम्ही दोघी उभ्या होतो.

सांगलीची जागा पुढे दुसऱ्या कुणाला मिळाली. तिच्या आठवणीने तो कधी कधी उसासे टाकायचा, विशेषतः लू सुटली की. आणि पक्की व्हायलाही मला दसऱ्यापर्यंत नाही, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं, कारण मुख्याध्यापिका तो शनिवार विसरली नव्हती. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तो दुखऱ्या पायांवर दिवाणावरून उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“का जायचं नाही?” त्याने विचारलं.

माझं उत्तर लांबलचक होतं, नांदेडपासून सुरू होणारं. मी ते सगळं सांगितलं, आणि ते संपेपर्यंत तो बसला नाही.